विंगेतल्या ताई

तीस वर्षं ताईंनी विंगेत उभं राहून नटांना अडलेला शब्द सांगितला, आणि सगळ्यात जास्त सांगितला तो नायकाला. पुढे नायक त्याच थिएटरचा मॅनेजर झाला आणि ताई व्हीलचेअरवर आल्या. पुढच्या दाराला उतार करून दे, एवढंच त्या मागत होत्या.

"ताई, तुमच्यासाठी जीव टाकीन, पण पायऱ्या शंभर वर्षांच्या आहेत. इतिहासाला हात कसा लावू?" असं तो दर वेळी म्हणायचा. आणि ताई पायऱ्यांपासूनच परत फिरायच्या.

शताब्दीचा सोहळा बाहेर पटांगणात होता, म्हणून त्यांना येता आलं. तिथे मांडलेल्या फोटोंत उद्घाटनाच्या दिवसाचा एक होता. त्यात दारापुढे एकही पायरी नव्हती. चांगला रुंद उतार होता.

"हा कुठे सापडला रे?" त्यांनी जुन्या डोअरकीपरला विचारलं.

"सापडतोय कसला? साहेबांच्या टेबलासमोरच लावलेला असतो, कित्येक वर्षं."

तेवढ्यात स्टेजवर नायक आपला गाजलेला संवाद म्हणता म्हणता अडला. सवयीने त्याची नजर ताईंकडे वळली.



पुढचा शब्द ताईंच्या अगदी ओठांवर आला होता; त्यांनी तो गिळून टाकला.