ताईची पट्टी

"सोड पट्टी! प्रयोग संपला नाहीये अजून!" ताई माझ्यावर खेकसली.

"सकाळपासून जेवली नाहीस. खड्ड्यात गेला तुझा प्रयोग!"

नवऱ्याचा मार खाऊन घरी परत आल्यापासून ताई या बंद पडलेल्या दुकानात प्रयोग करते. लोक येतात, घरच्यांनी कुठे मारलं ते हात ठेवून दाखवतात. ती स्वतःच्या अंगावर त्याच जागी पट्टी गुंडाळते. लोक रडतात, हलके होऊन जातात. पेपरवाले म्हणतात, वा, काय कला! रांग काही हटत नाही.

आज मी ऐकलंच नाही. तिच्या डाव्या हाताची पट्टी सोडायला लागलो. वेढ्यामागून वेढे पायाशी पडले, तरी आत हात लागेना. शेवटचा वेढा सुटला आणि बाही रिकामी लोंबली. रक्त नाही, जखम नाही.

ताई हसली. "बघ ना राजा, तिथे आता काहीच दुखत नाही."

मी काचेबाहेर पाहिलं.

रांगेत सगळ्यात पुढे आई उभी आहे. 'आमच्यात नाही बाई असलं काही,' असं जन्मभर सांगणारी आई. तिचा हात गळ्यावर आहे.

ताईनं नवी पट्टी उचलली.

मला बाहेर जाऊन आईला अडवायला हवं, आत्ताच.