सारखा पडणारा स्विच

फ्रिजचं दार उघडताना शॉक बसून बाबा गेले, त्याला महिना झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका दारातच सांगायचे, "दादाची वेळच भरली होती, कोण काय करणार?" आणि त्यांचे डोळे अगदी वेळेवर भरून यायचे.

आई आता घरात एकटीच राहणार, म्हणून मी कुठेही करंट उतरला की वीज तोडणारा नवा स्विच बसवून घेतला. आज आईनं जुनी इस्त्री लावली आणि तो खटकन पडला. काका चहा अर्धा टाकून स्टुलावर चढले, अनवाणी, दातांत वायरीचा तुकडा धरून.

"काका, खाली उतरा. इस्त्रीत करंट उतरतोय. स्विच त्याचं काम करतोय."

"काम कसलं, नुसती कटकट! वहिनींनी काय सारखं बोर्डाकडे पळायचं? दोन मिनिटांत स्विच वगळून डायरेक्ट जोडून देतो."

"आणि काही झालं तर?"

ते माझ्या अडाणीपणाला हसले.



"काही होत नाही गं. जुना स्विचही असाच सारखा पडायचा, तेव्हा दादाला मीच डायरेक्ट जोडून दिलं होतं. वर्षभर एकदाही वीज गेली नाही."