दुमडलेलं टोक

“इंजिनला हात लावता येत नाही इतकं तापलंय, आणि कॉम्प्युटर म्हणतो वीस डिग्री,” लेक म्हणाली. गाडीच्या उघड्या बॉनेटखाली ती कमरेपर्यंत वाकली होती. लॅपटॉप शेजारच्या पिंपावर ठेवलेला होता.

बाप मागे स्टुलावर बसून आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत होता. गॅरेज त्याचं, गाडी तिची. दोन वर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस घालून तिने त्या जुन्या गाडीला टर्बो बसवला होता, इंजिन चालवणारा नवा कॉम्प्युटर बसवला होता, आणि येत्या रविवारी ती डोंगरावरच्या शर्यतीत उतरणार होती. पण तीन आठवडे गाडी रुसून बसली होती. धूर काळा, प्लग काजळीने माखलेले, आणि पेडल दाबलं की आधी गुदमरायची, मग निघायची.

तीन आठवडे बापानेही तिच्याबरोबर सगळं तपासलं होतं. प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. नेमकं कुठे बघायचं नाही हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे बाकी सगळीकडे तो फार कसून बघत असे.

“म्हणजे इंजिन तापून बसलंय आणि कॉम्प्युटरला वाटतंय, अजून थंडच आहे,” ती म्हणाली. “म्हणून पेट्रोल ओततोय. जेवून उठलेल्याला पुन्हा ताटावर बसवावं तसं.”

“सेन्सर गेला असेल. राहू दे आज. मी बघतो सावकाश.”

“सेन्सर नवा आहे. आणि आज सोडवल्याशिवाय मी हलत नाही. काल मरता मरता वाचले.”

पाना पुसणारा हात थांबला. “म्हणजे?”

“ट्रकला ओव्हरटेक करत होते. समोरून बस आली. पेडल दाबलं आणि गाडीने मानच टाकली. दोन सेकंद नुसती गुदमरली.” तिने खिडकीतून हात घालून चालू इंजिन बंद केलं. “आणि गंमत सांगू? अशा वेळी माणसं ‘आई गं’ म्हणतात. माझ्या तोंडून ‘बाबा’ निघालं.” ती हसली.

बापाला हसता आलं नाही. त्या डोंगराच्या रस्त्यावरून गेल्या वर्षी त्याने एक गाडी ओढून आणली होती. तिच्या सीटचा पट्टा कुणीतरी घाईघाईने कापलेला होता. तेव्हापासून लेकीला तो सात वेळा नको म्हणाला आणि ती सात वेळा हसली. मग एका दुपारी, ती कामावर गेलेली असताना, त्याने सेन्सरच्या वायरीत तांदळाएवढा एक रेझिस्टर जोडून टाकला, म्हणजे खरं तापमान कॉम्प्युटरला कळूच नये. गाडी पळाली नाही तर पोरगी घरी राहील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. समोरून बस येईल हे नव्हतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. रेझिस्टर राहू द्यावा तर रस्त्यावरच्या बसची भीती, काढावा तर रविवारची. आणि गुपचूप काढायचा म्हटलं तरी आधी ती इथून हलायला हवी होती.

“जेवून ये जा,” तो म्हणाला.

“आधी वायर बघते.”

तिचं बोट सेन्सरपासून वायरीवरून हळूहळू मागे सरकू लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर भर दुपार होती, वर टॉर्चही लावलेला होता. उठून बाहेर जावं असं बापाला वाटलं, पण दार गाडीच्या पलीकडे होतं आणि तिला ओलांडल्याशिवाय तिथे जाता येत नव्हतं. तो बोटाकडे बघत बसून राहिला.

बोट थांबलं. वायरीवर काळी टेप होती आणि टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

टोक दुमडायची सवय त्याची. पुढे ज्याला उघडायचं असेल त्याला नखाने खरवडत बसायला नको. ती दहा वर्षांची असताना त्याने तिला याच स्टुलावर बसवून हे शिकवलं होतं. चोरून केलेल्या कामातही हात आपल्या वळणावर गेला होता.

तिने टोक ओढलं. टेप सरळ निघून आली.

ती वळली नाही. “बाबा,” एवढंच म्हणाली.

“मला भीती वाटते गं,” बाप म्हणाला. “रविवारी जाऊ नकोस.”

“भीती मलाही वाटली,” ती म्हणाली. “काल.”

मग तिने पक्कड घेतली, रेझिस्टर कापून काढला, वायर सरळ जोडली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “गाडीत बसा. सुरू करा आणि पेडल दाबा.”

तो बसला. त्या खोलगट सीटने त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरलं. बॉनेटच्या खालच्या फटीतून तिचे फक्त हात दिसत होते. त्याने पेडल दाबलं आणि इंजिन एका दमात वर गेलं, कुठेही न अडखळता. नाही म्हटलं तरी त्याचा कान सुखावला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिने हाताने बंद करायची खूण केली. नवी टेप घेतली, जोडावर घट्ट गुंडाळली, दाताने तोडली. मग अंगठ्याने टोक दाबून दाबून सपाट चिकटवलं. दुमडलं नाही.