ढब्यामार्फत

मुलगी सासरी गेल्यापासून तो बायकोशी बोलायचा ते ढब्या कुत्र्यामार्फतच. "ढब्या, चहा टाक म्हणावं तुझ्या आईला." दोघं डोंगरातल्या गावी सुट्टीला आले, तेही ढब्याला घेऊनच.

संध्याकाळी तो पुढे जाऊन दरीकाठच्या बाकावर बसला. मागून तिची पावलं वाजली, तसा मान न वळवताच म्हणाला, "ढब्या, शाल घे म्हणावं तिला. वारा सुटलाय."

"ढब्याला खोलीवरच ठेवलंय. मलाच सांगा की."

त्याने घसा खाकरला. मग मुलगी बघायला आलेल्या मुलासारखा अडखळत म्हणाला, "शाल... घे ना."

तिने हातातली शालीची पिशवी हळूच खाली ठेवून पायानेच बाकाखाली ढकलली.

"राहिली हो खोलीवर. जरा इकडे सरका."