बन्सीलालशेठच्या जिनिंगमधला पियानो

सरकीचा ढीग.
देश सोडून गेलेल्या गोऱ्या साहेबाचा पियानो.
घरमालकीण बसंतीबाईंचा निरोप, "पेटी बंद करा, न्हाईतर खोली खाली करा."
हैदराबादच्या शाळेचं पत्र, "संगीतशिक्षिका हवी. पियानो वाजवून दाखवावा लागेल."

उषाबाईंना पेटी येत होती, पियानोचा सराव नव्हता. फुकटात सराव करायला जालन्यात एकच जागा निघाली. बन्सीलालशेठने लिलावात घेतलेला पियानो त्यांच्या जिनिंगमध्ये सरकीशेजारी पडून होता.

"सरकी काढायचे रेचे धडधडत असतील तवर बिलकुल वाजवा, बाई," शेठ म्हणाले. "कुणालाच तरास न्हाई."

उषाबाई चार महिने त्या गडगडाटात वाजवत राहिल्या. त्यांचं वाजवणं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. इंजिनवाला पुंजाराम मात्र रोज ओरडून सांगायचा, "लई गोड वाजवून राह्यलात, बाई!"

हैदराबादला परीक्षकांसमोर उषाबाईंनी पहिली पट्टी दाबली आणि त्या दचकून उभ्याच राहिल्या.

"हा आवाज कशाचा?"



आदल्या हंगामात कापसाच्या गाठी बांधायला तार कमी पडली, तेव्हा पुंजारामने पियानोतल्या सगळ्या तारा काढून घेतल्या होत्या.