लिस्बन ते प्राग, चार सेकंद

शनिवारी शाल्मली लिस्बनमध्ये आपल्या खुर्चीत बसली आणि चार सेकंदांत तिने प्रागला, वडिलांच्या, दादांच्या घरी, दुरून चालवायच्या भाड्याच्या यंत्रदेहाचे डोळे उघडले. विमानाला सव्वातीन तास लागत. नऊ वर्षांत ती विमानात बसलीच नव्हती.

"आलीस? डोकं किती कोरडं पडलंय," म्हणत दादांनी नेहमीप्रमाणे त्या रबरी टाळूवर खोबरेल तेल चोळलं. त्या देहाला झालेला स्पर्श तिला लिस्बनमध्ये जाणवतो, असं ते धरून चालत.

"दादा, परत करताना मला पुसावं लागतं हे."

"पूस की. तेवढाच व्यायाम."

मंगळवारी दादा गेले.

ती विमानाने आली. शवागारात बाकीचे नातेवाईक यंत्रदेहांतून आले होते, सगळ्यांच्या माना एकाच कोनात झुकलेल्या. त्यांच्याकडे बघून तिला स्वतःचीच शिसारी आली.

नातेवाईक निघून गेल्यावर तिने दादांचा हात हातात घेतला. गार, खरखरीत, नखं पिवळी पडलेली.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही तेल लावायचात तेव्हा मी स्पर्शाचं बटण बंद ठेवायचे. मला तुमच्या हातांची किळस यायची."