घरातला ॲडमिन

घरच्या कॉम्प्युटरचा ॲडमिन नवराच होता. बायकोला शिवणकामाचं साधं ॲप टाकायचं झालं, तरी "कशाला हवंय?" अशी उलटतपासणी व्हायची, उत्तर पटलंच, तर तिला भिंतीकडे तोंड करायला लावून साहेब पासवर्ड टाकायचे. मग अर्धांगाच्या झटक्यात त्याची वाचा गेली आणि पासवर्डही डोक्यातून पुसला गेला. आज दुरुस्तीवाल्यानं खटपट करून कॉम्प्युटर मोकळा केला. "वहिनी, आता ॲडमिन तुम्ही. नवा पासवर्ड टाका." तिनं नवऱ्याची चाकांची खुर्ची भिंतीकडे वळवली, पासवर्ड टाकला, खुर्ची पुन्हा फिरवली. दुरुस्तीवाला गेल्यावर मुलीनं पाठवलेलं ॲप पडद्यावर परवानगी मागत उभं राहिलं. बाबांनी टाइप केलेलं ते मोठ्यानं वाचून दाखवणार होतं. नवऱ्यानं बोट पडद्याकडे नेलं. तिनं कीबोर्ड स्वतःच्या मांडीवर ओढला. "कशाला हवंय?" म्हणाली, आणि उत्तराची वाट बघत बसली.